कापराची काजळी आणि लोखंडाचा कण

आरती झाली, कापूर विझला. आता त्या ताटलीवरून बोट फिरव बरं, चिमे. काळं झालं ना? ती काजळी म्हणजे कार्बन. कापराच्या एका रेणूत कार्बनचे १० अणू असतात. सगळे काही जळत नाहीत. उरतात ते कसेतरी साचतात, वाऱ्यानं पालापाचोळा साचावा तसे.

जपानात नागोयाच्या मेइजो विद्यापीठात मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी हाच कापूर घेतला. त्यात फेरोसीन नावाची नारिंगी पूड मिसळली. तिच्या प्रत्येक रेणूत लोखंडाचा एक अणू बसलेला असतो. हवा लागू न देता त्या दोन्हींची वाफ तापत्या भट्टीतून नेली, आणि कार्बनच्या पोकळ नळ्या उगवल्या! आपल्या केसाहून हजारोपट बारीक. २००३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

ही करामत लोखंडाची. भट्टीत त्याचे अणू सुटे होतात आणि एकत्र येऊन इवलेसे कण बनतात. कापराची वाफ अशा कणाला शिवली की तिचे रेणू मोडतात आणि कार्बन कणात विरघळतो. आजी पाक करते तेव्हा साखर जास्त झाली की कडेला खडे धरतात, पाहिलंस ना? तसाच कार्बननं तुडुंब भरलेला कण जादा कार्बन बाहेर सोडतो. हा कार्बन षटकोनांची जाळी विणत, गोल वळत वाढतो. कण जेवढा, साधारण तेवढी नळी जाड. सोऱ्याची चकती बदलली की शेव बदलते, तसं.

परसात रुजलेला चिंचोका आठवतो? दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन वर आला होता. मक्याचा दाणा मात्र मातीतच राहिला. कणांचंही तसंच. बुडाशी पकड सैल असेल तर कण नळीच्या शेंड्यावर चढतो. घट्ट असेल तर खालीच बसून नळीला वर ढकलतो.

पण कणावर काजळीचं पुट चढलं, की त्याचं काम थांबतं. २००४ साली जपानातल्याच त्सुकुबात केंजी हाता आणि त्यांच्या सोबत्यांनी भट्टीत पाण्याची वाफ सोडली, अगदी नावापुरती. तिनं ते पुट खाऊन टाकलं, कण पुन्हा मोकळे झाले, आणि दहा मिनिटांत नळ्यांचं रान अडीच मिलिमीटर उंच झालं. हे बघ, पट्टीवर एवढं. नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढं!