जुनी पिकअप घेताय? कोणता बिघाड चालेल, कोणता नाही



टोमॅटोचा तोडा जवळ आला की भाडं परवडत नाही म्हणून बरेच सभासद जुनी पिकअप बघायला लागतात. दोन लाख किलोमीटर पळालेली गाडी स्वस्तात मिळते, पण तिला काही ना काही दुखणं असतंच. बिनदुखण्याची जुनी गाडी शोधण्यात वेळ घालवू नका. कोणतं दुखणं खिशाला लागतं आणि कोणतं जिवावर बेततं, ते ओळखा.

गाडी बघायला सकाळी जा. इंजिन थंड असताना स्वतः चालू करून बघा. आधीच गरम करून ठेवलेल्या गाडीचे बरेच दोष लपतात.

*✅ चालेल*
फाटलेली सीट, अडकणारी काच, हौद्याचा गंजलेला पत्रा. काळा धूर असेल तर बहुतेक वेळा एअर फिल्टर चोंदलेला असतो किंवा नोझल खराब असतात. आधी फिल्टर बदलून बघा.

*⚠️ किमतीतून वजा करा*
▪️ चढावर इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही: क्लच प्लेट गेली.
▪️ गाडी एका बाजूला झुकलेली: पाटे बसलेत किंवा तुटलेत. दणके थेट मालाला बसतात, खालच्या कॅरेटमधला टोमॅटो फुटतो.
▪️ टायर: बाजूला चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर कडक होऊन तडकतं.

*❌ सोडून द्या*
▪️ सतत निळा धूर, आणि चालू इंजिनचं ऑइलचं झाकण उघडल्यावर जोरात धूर येतो: इंजिनचं मोठं काम आहे.
▪️ झाकणाला दुधाळ, चहासारखा थर: पाणी ऑइलमध्ये जात असण्याची शक्यता. हेड गॅस्केट गेली की गाडी भर उन्हात, भरल्या मालासकट रस्त्यावर उभी राहते. (गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.)
▪️ चेसीस गंजलेली किंवा वेल्डिंग केलेली.

*ब्रेकमध्ये तडजोड नाही*
पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर काम झाल्याशिवाय माल भरू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. घाटात ब्रेक तापले की ते उकळतं आणि पेडल पोकळ होतं. दर दोन वर्षांनी बदला. कसारा घाट उतरून वाशीला जाणाऱ्यांनी खालच्या गिअरमध्येच उतरावं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद केलं तर ब्रेकचा बूस्टर काम करत नाही, पेडल दगडासारखं होतं.

*वजनाचा हिशोब*
आरसी बुकवर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन असतं. समजा २९०० आणि १६०० किलो. फरक १३००. दोन माणसांचे १५० वजा केले, राहिले ११५०. भरलेलं कॅरेट २२ किलोचं धरलं तर ५२ कॅरेट. आपल्या आरसीवरचे आकडे घालून हाच हिशोब करा. जादा वजनाला कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे. शिवाय क्लच, पाटे, ब्रेक लवकर जातात ते वेगळंच.

*कागदपत्रं*
एम-परिवहन अॅपवर गाडी नंबर टाकून फिटनेस आणि विम्याची मुदत बघा. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी आणि विमा दोन्ही लगेच नावावर करून घ्या.

आणि एक कळकळीची विनंती: हौद्यात मजूर बसवू नका. अपघात झाला तर मालवाहू गाडीच्या विम्यातून त्यांना भरपाई मिळणं अवघड असतं, आणि गेलेला माणूस तर कशानेच परत येत नाही.

गाडी बघायला जाताना हा मेसेज आणि आपला खात्रीचा मेस्त्री, दोन्ही सोबत न्या.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी