बाईचे उचंत खाते

पाथर्डीच्या आमच्या जुन्या माळवदाच्या घरात, मधल्या खोलीच्या कोनाड्यात, बाईचे सामायिकाचे सामान असे. पांढरे आसन, मुहपत्ती, लोकरीची पुंजणी, सुताची माळ आणि काचेची वाळूची घडी. एक सामायिक म्हणजे 48 मिनिटे. तेवढा वेळ दुकानात गिऱ्हाईक खोळंबले, चुलीवर दूध उतू गेले, नातवंडे भांडली, तरी बाई जागची हलत नसे. 2019 साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी ती गेली. दागिन्यांची वाटणी तिने स्वतःच आधी करून ठेवली होती. माझ्या मुलीने मात्र एकच वस्तू मागून घेतली, ती वाळूची घडी. लहानपणी सुट्टीत आली की घडी उलटी करण्याचा मान तिचा असे.

आईला आम्ही ‘बाई’ म्हणत असू. तिचे माहेर आष्टी तालुक्यातले, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या राज्यातले. पाथर्डीपासून अंतर थोडे, पण मुलूख वेगळा आणि नाणेही वेगळे. तिकडे हाली, इकडे कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशेब ती लहानपणीच वडिलांच्या दुकानात बसून शिकली होती. पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी ती लग्न होऊन आमच्या घरी आली, तेव्हा शाळा चौथीपर्यंतच झाली होती. पण आचार्यसम्राट आनंदऋषिजी महाराजांचे जन्मगाव चिचोंडी आमच्याच तालुक्यातले आणि धार्मिक परीक्षा बोर्डही पाथर्डीतच. गावात साध्वीजींचा चातुर्मास असला की बाई दुपारी वही घेऊन स्थानकात जाई. चार मुलांची आई झाल्यावर तिने बोर्डाच्या सुरुवातीच्या परीक्षा दिल्या. निकाल लागला त्या दिवशी तिने कोणाला काही सांगितले नाही. फक्त संध्याकाळी लापशी केली.

आमचे दुकान किराणा आणि धान्याचे. पाथर्डी तालुका पावसाच्या छायेतला. दसरा-दिवाळी झाली की गावोगावचे कोयते ऊसतोडीला निघत. जाताना पीठ, मीठ, तेल, चहा-साखर उधारीवर नेत आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत येऊन चुकते करत. बाबूजींची खातेवही या जाण्यायेण्यावर चाले. बाई दुकानात कधी बसली नाही. पण धान्य निवडणे तिच्याकडे असे. ज्वारीत सोंडे निघाले की ते एका वाटीत जमवून, मूठभर पिठासह परसातल्या सावलीत ठेवून येई. बाबूजी हसत. “माल खाणाऱ्यांनाच शिधा देतेस,” म्हणत. ती म्हणे, “आपण त्यांच्या घरात दुकान थाटलंय.”

1972 चा दुष्काळ मला नीट आठवतो; मी पंधरा वर्षांचा होतो. विहिरी आटल्या. रस्त्यांच्या कामावर बायामाणसे खडी फोडत. मुलांना सुकडी मिळे आणि रेशनवर मिलो येई. त्या अश्विनात बाईने नेहमीप्रमाणे आयंबिलाची ओळी केली. नऊ दिवस एकच वेळ, तेल, तूप, दूध, साखर नाही असे अन्न. कोणी तिच्या तपाची सुखसाता विचारली, तर म्हणाली, “माझं नऊ दिवसांचं. यंदा सगळ्या गावाचंच आयंबिल आहे, आणि त्यांना पारण्याची तिथी कोणी सांगितलेली नाही.”

त्याच आठवड्यात बाबूजी वसुलीला निघाले होते. खातेवही पिशवीत घातली होती. बाईने ती पिशवी काढून घेतली नाही, वादही घातला नाही. पाण्याचा तांब्या हातात देत एवढेच विचारले, “ज्याच्या घरी जाल, त्याच्या चुलीवर काय शिजतंय ते आधी बघाल ना?” बाबूजी दोन घरे करून परत आले. पाऊस पडेपर्यंत खातेवही कपाटाबाहेर आली नाही. पुढच्या दोन हंगामांत बहुतेकांनी पैसे आणून दिले. काहींचे कधीच आले नाहीत. त्या खात्यांवर बाबूजींनी रेघ मारली नाही, पण पुढची पानेही उघडली नाहीत. मी पुढे एम.कॉम. झालो, बँकेत लागलो आणि बुडीत कर्जाची तरतूद कशी करतात ते पुस्तकातून शिकलो. आमच्या घरात ती तरतूद बाईने आधीच करून ठेवली होती.

आता जे लिहायचे आहे, ते लिहायला मला तीस वर्षे लागली.

बाबूजी 1990 च्या पावसाळ्यात गेले. दुकान धाकटा भाऊ पाहत होता. त्या दिवाळीला, घरातला थोरला आणि बँकेतला म्हणून, मी वह्या तपासायला बसलो. मला कोणी सांगितले नव्हते. रोकड आणि खतावणी यांत अकरा हजार चारशे रुपयांची तफावत निघाली. भाऊ म्हणाला, “दादा, बाबूजींच्या आजारपणात कुठेतरी खर्च झाले. लिहायचं राहून गेलं असेल.” दोघांच्याही बायकांसमोर मी म्हणालो, “लिहायचं राहत नसतं, टाळलं जातं.” त्याने वही मिटली आणि तो उठून गेला. त्यानंतर सुमारे दहा महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी बदलीच्या गावी होतो, त्यामुळे न बोलणे सोपे होते. बाईने या काळात मला एका शब्दाने टोकले नाही. पत्रात दोन्ही घरांची खुशाली मात्र बरोबरीने लिहून पाठवी.

1991 च्या पर्युषणात मी दरवर्षीप्रमाणे क्षमापनेची शंभर कार्डे छापून घेतली आणि यादीप्रमाणे टपालात टाकली. यादीत भावाचेही नाव घातले. मनात असे, की आपल्याकडून झाले ते झाले. संवत्सरीला घरी पोहोचलो, तर बाईचे सामायिक चालू होते. वाळू पडून गेल्यावर तिने पाठ म्हणून सामायिक पारले. मग घडी उचलली. तिच्याखाली मी भावाला पाठवलेले कार्ड होते.

“हे त्यानं माझ्याकडे आणून दिलं,” ती म्हणाली. “तू येणारच होतास, तर टपाल कशाला?”

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तिने विचारले, “तुमच्या बँकेत संध्याकाळी हिशेब जुळला नाही, तर काय करता?”

“शोधतो.”

“आणि सापडलाच नाही तर?”

“फरक उचंत खात्याला टाकतो.”

“दुसऱ्या दिवशी बँक उघडता की नाही?”

“उघडतो.”

“मग अकरा हजारांसाठी तू घर कसं बंद केलंस?”

त्या संध्याकाळी स्थानकात प्रतिक्रमण झाले. चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागताना माझा आवाज सर्वांबरोबर होता. पण लक्ष दोन रांगा पुढे बसलेल्या एका पाठीकडे होते. बाहेर चपलांपाशी मी त्याला गाठले. मी थोरला, पण हात मी आधी जोडले. “मिच्छामि दुक्कडम्” एवढेच म्हणता आले. तो माझ्या पायांकडे वाकला, मी त्याला मध्येच धरले. घरी परतलो, तेव्हा चौविहारामुळे पाणीही घ्यायचे नव्हते. दोघे ओट्यावर नुसते बसून राहिलो. आत बाई झोपली होती, की झोपेचे सोंग घेतले होते, ते कळले नाही.

ते पैसे कुठे गेले, याचा शोध कधीच लागला नाही. मीही पुन्हा विचारले नाही. उचंत खात्यातली नोंद फार काळ तशीच ठेवू नये, असा आमच्या बँकेचा दंडक असे आणि मी तो हाताखालच्यांना कडकपणे पाळायला लावला. ही एक नोंद मात्र मी मुद्दाम उघडी ठेवली आहे. पुढे कोणाच्या हिशेबावर बोट ठेवण्याआधी ती मला आठवते.

अखेरच्या संवत्सरीला बाईला चालवत नव्हते. तिने दुकानातल्या म्हाताऱ्या हमालाला घरी बोलावून घेतले. त्याला खुर्चीवर बसवून म्हणाली, “चाळीस वर्षं पोती उचललीस. उन्हातून आलास आणि पाणी विचारायचं राहिलं, असं कितीदा झालं असेल. क्षमा कर.” तो बिचारा गोंधळून उभा राहिला आणि डोळे पुसू लागला. सून चहा घेऊन आली, तेव्हा बाई म्हणाली, “आधी पाणी.”

आता संवत्सरीला मोबाइलवर सकाळपासून संदेश येतात. मीही उत्तरे देतो, त्यात गैर काही नाही. पण दुपारच्या आत मी पाथर्डीला पोहोचलेला असतो. मुलगी पुण्याहून घडी बरोबर आणते. भाऊ, मी आणि ती, तिघे बाईच्या खोलीत सामायिक करतो. घडी उलटी करण्याचा मान अजून तिचाच आहे.