उसनी ताकद, चढते व्याज



गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात आणि जुन्नर-आंबेगावात यात्रांचा हंगाम सुरू होतो. यात्रा म्हटली की आखाडा आला, आणि आखाडा म्हटला की तरण्या पोराचा खुराक आला. दूध, तूप, बदामाची थंडाई आणि पहाटेचे जोर-बैठका यांवर पैलवान घडायला वर्षे लागतात. हल्ली काही पोरांना तेवढा धीर नाही. गावात जिम आली, तिथे कोणी पावडरीचा डबा दाखवतो, मग गोळी येते, मग सुई. पोलीस भरतीसाठी धावणारी पोरेही यात सापडू लागली आहेत. नुकसान होते हे कळूनही माणूस यातून सुटत का नाही, हे आज आपण समजून घेऊ.

यातले मुख्य औषध म्हणजे स्टेरॉईड. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक वृषणात तयार होते. त्याच्यामुळे दाढीमिशा येतात, स्नायू भरतात. १९३५ साली शास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत बनवले, आणि पुढे त्याची अनेक भावंडे निघाली. काही आजारांत डॉक्टर ते देतात. जिममधली पोरे मात्र त्याच्या कितीतरी पट घेतात.

आता भुईमूग किंवा सोयाबीन करणाऱ्यांनी जरा लक्ष द्यावे. या पिकांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. पण आपण युरियाचा मारा केला तर पीक वरून हिरवेगार दिसते, आणि उपटून पाहिले तर मुळांवर गाठी धरलेल्याच नसतात. आयते मिळाल्यावर कष्ट कोण करणार? शरीराचेही तसेच होते. बाहेरून संप्रेरक आले की मेंदूतली ग्रंथी वृषणाला हुकूम देणे थांबवते. वृषण आक्रसतात, शुक्रजंतू घटतात. वरून दंड फुगलेले दिसतात आणि आतला कारखाना बंद पडलेला असतो.

खरी गाठ पडते ती सुई थांबवल्यावर. बाहेरचे बंद झाले आणि आतले अजून सुरू नाही, अशी स्थिती काही महिने, कधी त्याहून जास्त राहते. पोराला थकवा येतो, झोप लागत नाही, मन खचते, बायकोजवळ जाण्याची इच्छा राहत नाही. कमावलेले अंग डोळ्यांदेखत उतरते. मग तो पुन्हा सुई घेतो. पहिली सुई ताकदीसाठी होती, ही नुसते नेहमीसारखे वाटावे म्हणून. परदेशातील पाहण्यांनुसार स्टेरॉईड घेणाऱ्या दर दहांपैकी सुमारे तिघे असे अडकतात.

आणि यात आपलाही हात असतो, मंडळी. पोरगा फुगला की आपण पारावर कौतुक करतो, अंग उतरले की "आजारी होतास का रे?" म्हणून विचारतो. काहींची नजरच फिरते. आरशात भरलेले अंगही त्यांना किडकिडीत दिसते. हृदयाचा स्नायू जाड होऊन दुबळा पडतो, गोळ्यांनी यकृत बिघडते, पुरुषाला स्तन वाढू लागतात. पण हृदय आरशात दिसत नाही. दंड दिसतो.

दुसरे औषध मेफेंटरमाईन. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो सावरण्यासाठी डॉक्टर हे इंजेक्शन देतात. थकवा जाणवत नाही म्हणून पोरे ते टोचून घेतात. हळूहळू तेवढ्याने भागत नाही, मात्रा वाढते, छाती धडधडते, मनात भलभलते संशय येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकणाऱ्यांना पुण्यात पोलिसांनी पकडले आहे.

मोठ्या मैदानांवरही हेच चालले आहे. २०२३ साली भारतात खेळाडूंचे ५६०६ नमुने तपासले गेले आणि त्यांत २१३ दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होते. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादव यांच्यावर २०१६ साली ऐन ऑलिम्पिकच्या वेळी चार वर्षांची बंदी आली. आपल्या खाण्यात कोणीतरी मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते. लवादाने ते मानले नाही. म्हणून कुस्ती खेळणाऱ्याने अनोळखी डब्यातली पावडरसुद्धा जपून घ्यावी. लेबलावर न लिहिलेले स्टेरॉईड अशा डब्यांत सापडलेले आहे.

घरात काय पाहावे? दोन-तीन महिन्यांत एकाएकी भरलेले अंग, पाठीवर व खांद्यांवर पुटकुळ्या, लहानसहान गोष्टीवर संताप, कपाटात दडवलेल्या सुया. असे दिसले तर चारचौघांत बोलू नका. आईने किंवा थोरल्या भावाने एकट्याला गाठून विचारावे. डबे-बाटल्या फेकू नका. त्या घेऊन पोराला ग्रामीण रुग्णालयात न्या, म्हणजे त्याने नक्की काय घेतले ते डॉक्टरांना कळेल. हृदयाची आणि यकृताची तपासणी करून घ्या. औषध बंद केल्यानंतरचे दिवस सर्वांत नाजूक. त्या काळात त्याला एकट्याला मळ्यावर राखणीला पाठवू नका, आणि टोमॅटो-द्राक्षाच्या फवारणीची औषधे कुलपात ठेवून किल्ली आपल्या कनवटीला लावा. मन फारच खचले असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करा. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.