मानसशास्त्राची पदवी आणि दारावरची पाटी

लेखमाला : पदवीनंतर – लेखांक ७

गेल्या लेखात अर्थशास्त्राच्या पदवीचा हिशेब मांडला होता. आज मानसशास्त्र. या विषयाची गंमत अशी, की तो घेणाऱ्या मुलीला (वर्गात मुलीच जास्त असतात, म्हणून मुलगीच म्हणू) आपण काय होणार हे पहिल्याच वर्षी ठाऊक असतं : सायकॉलॉजिस्ट. आणि त्यात काही स्कोप नाही, हे घरच्यांना तितक्याच ठामपणे ठाऊक असतं. दोघांचंही निम्मं चुकतं.

आधी घरच्यांचं. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १५ कोटी भारतीयांना मानसिक आरोग्यासाठी मदतीची गरज असल्याचं दिसलं. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणममधल्या एका नीट-विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायला हवा. कोचिंग क्लासही त्यातून सुटले नाहीत. आदेश निघणं आणि जागा भरणं यात किती अंतर असतं ते आपल्याला माहीत आहे. तरी माणसं लागणार आहेत, एवढं नक्की.

आता मुलीचं. बीए झालं की सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. एमए झालं तरी, ज्या अर्थाने तिच्या डोळ्यांसमोर ते चित्र असतं त्या अर्थाने, बहुतेकदा होता येत नाही. दवाखान्यात समोर रुग्ण बसलाय, त्याच्या आजाराचं निदान करायचंय, थेरपी द्यायचीय, हे काम करणाऱ्याला भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात आणि ती पाटी दारावर लावायला कायद्याची परवानगी लागते. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली या परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असावं लागतं. नाव नसताना व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं त्या कायद्यात लिहिलेलं आहे. हजार रुपये ही रक्कम आज वाचायला मजेशीर वाटते, आणि बिनानोंदणीच्या पाट्या गावोगाव का दिसतात याचं एक कारणही तीत सापडतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या करताना आरसीआयमान्य पात्रता आणि देखरेखीखालचं पूर्णवेळ प्रशिक्षण यांवरच बोट ठेवलं आहे.

(औषधं लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ. तो एमबीबीएस होऊन पुढे एमडी केलेला डॉक्टर असतो. ती वाट बारावीलाच वेगळी फुटते, तिची चर्चा इथे नको.)

नोंदवहीत नाव यायचा रूढ रस्ता असा होता : बीए किंवा बीएस्सी, मग मानसशास्त्रात एमए, त्यात किमान ५५ टक्के, मग प्रवेश परीक्षा आणि दोन वर्षांचं एम.फिल. हे एम.फिल. इतर विषयांतल्या एम.फिल.सारखं ग्रंथालयात बसून करायचं नव्हतं. मनोरुग्णालयाच्या वॉर्डात, बाह्यरुग्ण विभागात, केस हिस्टरी लिहीत, चाचण्या घेत, वरिष्ठांची बोलणी खात ते व्हायचं. जागा मूठभर, अर्ज ढीगभर. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच रद्द केली आणि २०२२ च्या यूजीसी नियमांनी तिच्यावर फुली मारली. क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती मुदत वाढवून ती २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत नेण्यात आली. दरम्यान आरसीआयने चार वर्षांचं बीएस्सी (ऑनर्स) क्लिनिकल सायकॉलॉजी आणि दोन वर्षांचं एमए क्लिनिकल सायकॉलॉजी असे नवे अभ्यासक्रम पुढे आणले. याचा अर्थ असा, की आज एफवायला असलेल्या मुलीने पाच वर्षांपूर्वी एमए झालेल्या ताईचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. ताई खोटं सांगत नाही, पण तिचा रस्ता मध्येच वळवला गेला आहे.

इथे एक सापळा आहे. एमए सायकॉलॉजी, त्यात विशेष विषय क्लिनिकल, हे एक. आणि आरसीआयची मान्यता असलेलं एमए क्लिनिकल सायकॉलॉजी हे दुसरं. माहितीपत्रकात दोन्ही सारखीच दिसतात. पहिलं घेऊन तुम्ही प्राध्यापक व्हाल, समुपदेशन कराल, संशोधनाकडे जाल. नोंदवहीत मात्र नाव येणार नाही.

दूरस्थ शिक्षणाचंही सांगायला हवं, कारण नोकरी किंवा संसार सांभाळून मानसशास्त्राकडे वळणारे, विशेषतः तिशी-चाळिशीतल्या बायका, आजवर त्याच दाराने आत यायच्या. यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित अनेक विषयांचे नवे प्रवेश दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देणं बंद केलं. व्यवसायाच्या दृष्टीने ते योग्यच झालं असं माझं मत आहे. समोर माणूस न बसवता हे काम शिकता येत नाही. पण नियमित महाविद्यालय ज्यांच्या तालुक्यात नाही त्यांचं काय, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

मग समुपदेशक? सध्या सर्वांत मोकळं आणि सर्वांत धोक्याचं मैदान हेच आहे. शाळेतली समुपदेशक, महाविद्यालयातला कक्ष, कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठीची सेवा, व्यसनमुक्ती केंद्र, हेल्पलाइन, सगळीकडे समुपदेशकच लागतात आणि त्यांची स्वतंत्र, पक्की नोंदवही आजवर नव्हती. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात, आरसीआयखाली येणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून बाकीच्या मानसशास्त्रज्ञांचा समावेश केला आहे. म्हणजे आज ना उद्या इथेही नोंदणी येणार. तोवर बाजारात शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्रांचा सुकाळ आहे. दोन दिवसांत सीबीटी, तीन दिवसांत आर्ट थेरपी, आणि शेवटी सोनेरी कडेचं सर्टिफिकेट. यातलं काही उपयोगी नाही असं नाही. पण टीवायच्या मुलीने अशी डझनभर प्रमाणपत्रं फाइलमध्ये लावून मुलाखतीला जाणं म्हणजे निव्वळ पैशाची नासाडी. मुलाखत घेणारा अनुभवी असेल तर तो एकच विचारतो : किती केसेस पाहिल्या, आणि कुणाच्या देखरेखीखाली?

देखरेख हा या व्यवसायाचा कणा आहे. नवखी समुपदेशक सत्र घेते, त्याच्या नोंदी काढते, त्या घेऊन वरिष्ठांसमोर बसते आणि ते तिला सांगतात, की बाईंना रडू आलं तेव्हा तू विषय बदललास, का? कामाची खरी समज इथे येते. महाराष्ट्रात हे शिकण्याच्या जागा आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे. पुण्यात अनिल आणि अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये उभं केलेलं मुक्तांगण आहे. तिथे स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं समुपदेशक म्हणून काम करतात आणि पदवीधर मुलीला त्यांच्याकडून जे शिकायला मिळतं ते कुठल्याच पेपरात नाही. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल हेल्पलाइन आहे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञाबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि समाजसेवकाची पदं असतात. ती बरीचशी कंत्राटी असतात, हेही धरून चाला.

पैशाचं बोलू. पहिली काही वर्षं हा विषय कंजूष असतो. शाळांचे पगार शिक्षकांपेक्षा कमी असू शकतात, खासगी प्रॅक्टिसला पेशंट जमायला वेळ लागतो आणि इंटर्नशिप अनेकदा फुकट करावी लागते. घरून एवढा काळ आधार मिळणार नसेल तर आधी पगाराची नोकरी धरून प्रशिक्षणाचं वर्ष पुढे ढकलण्यात काहीही कमीपणा नाही.

पगाराची नोकरी म्हटलं की मानव संसाधन विभाग येतो. औद्योगिक मानसशास्त्रात एमए केलेल्यांना भरती, प्रशिक्षण आणि मूल्यमापनाची कामं मिळतात. एमबीएवाल्यांशी स्पर्धा असते. तंत्रज्ञानाच्या कंपन्या ॲप वापरणाऱ्यांचा अभ्यास करायला माणसं घेतात, तिथे प्रयोगाची आखणी आणि आकडेवारी येणाऱ्या मानसशास्त्राच्या पदवीधराला चांगली किंमत आहे. सैन्यदलाची निवड प्रक्रिया, म्हणजे एसएसबी, तर अर्धीअधिक मानसशास्त्रावर उभी आहे : चित्र पाहून गोष्ट लिहा, शब्द दिसला की मनात येईल ते वाक्य लिहा. या चाचण्यांमागे दिल्लीची डीआयपीआर ही डीआरडीओची संस्था आहे. जागा मोजक्या, काम मात्र वेगळंच. न्यायवैद्यक मानसशास्त्राचं आकर्षण मालिका पाहून येतं. २०१० च्या सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंगला मनाई केली, हे वाचून मगच तिकडे वळा. क्रीडा मानसशास्त्रात आपल्याकडचं सर्वांत ठळक नाव नाशिकच्या भीष्मराज बामांचं, आणि ते आले पोलीस दलातून. प्राध्यापकीसाठी एमए आणि नेट किंवा सेट. कायम जागा किती निघतात ते कुठल्याही तासिका तत्त्वावरच्या सरांना विचारा.

ज्या कामाबद्दल फारसं कुणी बोलत नाही आणि ज्यात मराठी मुलामुलींना मोठी संधी आहे, ते चाचण्यांचं. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडला बिने यांची बुद्धिमापन चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली. बिने-कामत या नावाने ती ओळखली जाते आणि आजही ती वापरली जाते. जरा विचार करा, ज्या काळात घरात रेडिओ असणं ही श्रीमंती होती त्या काळाशी नाळ असलेली चाचणी आजच्या मोबाइलवाल्या मुलाचा बुद्ध्यंक ठरवते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. परीक्षेतल्या सवलतींसाठी मूल्यमापन करून घेणाऱ्या पालकांच्या सरकारी रुग्णालयांत रांगा असतात. आणि मराठी माध्यमातल्या मुलाचं वाचन-लेखन तपासायला ताज्या, नीट प्रमाणित केलेल्या चाचण्या अपुऱ्या आहेत. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका अनेक वर्षं असं काम करते आहे. असे अजून चार गट उभे राहिले तरी सगळ्यांना पुरेल एवढं काम पडलं आहे. यासाठी संख्याशास्त्र लागतं. गणिताला घाबरून कला शाखेत आलेल्या मुलीला एसवायला प्रमाण विचलन आणि पुढे टी-टेस्ट भेटते तेव्हा ती हिरमुसते; पण तिथे न पळणाऱ्या मुली पुढे फार पुढे जातात.

थेरपीतही मराठी हे भांडवल आहे. पुस्तकं इंग्रजी, एमए इंग्रजीतून, आणि समोर बसलेल्या साताऱ्याच्या काकू सांगतात, ‘जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, कशात मन लागत नाही.’ हे ऐकून कुठल्या आजाराची शंका घ्यायची आणि काकूंना त्यांच्याच शब्दांत काय सांगायचं, याचा सराव वर्गात होत नाही. तो ज्याने मुद्दाम केला त्याच्याकडे लोक येतात.

परदेशाबद्दल थोडक्यात. इंग्लंडमध्ये एका वर्षाचं एमएस्सी करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी तीन वर्षांची डॉक्टरेट आणि एचसीपीसीकडे नोंदणी लागते. अमेरिकेतही स्वतंत्र प्रॅक्टिस करणाऱ्या सायकॉलॉजिस्टला सहसा डॉक्टरेट आणि राज्याचा परवाना हवा. आणि परदेशी पदवी घेऊन परत आलात तर आरसीआयच्या वहीत नाव आपोआप चढत नाही. कर्ज काढण्याआधी हे तिन्ही मुद्दे वडिलांसमोर ठेवा.

तेव्हा नियोजन उलट्या बाजूने करा. आधी ठरवा, रोज सकाळी कुणासमोर बसायला आवडेल : वॉर्डातला रुग्ण, शाळेतलं मूल, कंपनीतला उमेदवार, की संगणकावरची आकडेवारी. हे टीवायपर्यंत ठरलं नाही तरी चालेल, पण त्यासाठी एसवायच्या सुट्टीपासून एखाद्या शाळेत, व्यसनमुक्ती केंद्रात किंवा संशोधन प्रकल्पात जाऊन बसा. आणि एमएचं महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका, दोन प्रश्न विचारा : प्रत्यक्ष कामाचे तास किती आणि देखरेख कोण करतं? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर दुसरं महाविद्यालय पाहा.

क्लिनिकलचाच निर्णय झाला असेल तर फी भरण्यापूर्वी आरसीआयच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव, तोच अभ्यासक्रम आणि मान्यतेची मुदत कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे तिन्ही स्वतः पाहा. प्रवेश कार्यालयातल्या कुणी ‘मान्यता येणारच आहे’ असं सांगितलं तर ती आलेली नाही, असं समजा. पुढच्या आठवड्यात समाजकार्याची पदवी.