डोंगरावरचा पाडा आणि खालचे हायस्कूल

मुंबई म्हटली की डोळ्यांपुढे समुद्र येतो, आगगाडी येते, उंच इमारती येतात. पण मुंबईत डोंगरही आहे. एका बाजूला बोरिवली, दुसऱ्या बाजूला मुलुंड आणि वरच्या अंगाला ठाणे. यांच्यामध्ये हा डोंगर पसरला आहे. त्यावर शंभर चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आहे. त्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. विहार आणि तुळशी हे तलाव याच डोंगरात आहेत. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या नद्या याच डोंगरातून खाली येतात.

या डोंगरात आणि त्याच्या कुशीतल्या आरे वसाहतीत आदिवासींचे पाडे आहेत. नवापाडा, रावणपाडा, खांबाचा पाडा, केलटीपाडा अशी त्यांची नावे. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी असे लोक तिथे राहतात. खाली लाखो दिवे लुकलुकतात आणि वर पाड्यात रातकिडे ओरडतात.

आम्ही या डोंगराच्या पायथ्याशी एका शाळेत पुष्कळ वर्षे मास्तरकी केली. मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत. म्हणून दहावीची किंमत आम्हाला चांगली ठाऊक आहे.

वाचकहो, तुमचे गाव मुंबईपासून लांब असेल. पण प्राथमिक शाळा गावात आणि हायस्कूल दोन-तीन गावे टाकून पुढे, असेच तुमच्याकडेही असेल. म्हणून ही गोष्ट तुमचीही आहे.

या डोंगराला विद्या नवी नाही

याच डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती खोदायला सुरुवात झाली. शंभराहून जास्त लेणी आहेत. तिथे बौद्ध भिक्षू राहत, शिकत आणि शिकवत. पावसाळ्याचे चार महिने बाहेर हिंडता येत नसे. तेव्हा ते एका जागी राहून अभ्यास करीत.

त्या लेण्यांच्या भिंतींवर अक्षरे कोरली आहेत. कोणी दान दिले, त्याचे नाव लिहिले आहे. त्यांत कल्याणचे आणि सोपाऱ्याचे व्यापारी आहेत. सोनार आहेत, लोहार आहेत. लोहार गेला, त्याचा भाता गेला. पण त्याचे नाव लिहिले होते, म्हणून ते राहिले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

सार्वजनिक हायस्कूल म्हणजे कोणाचे?

पुष्कळ लोक म्हणतात, "हायस्कूल सरकारचं." कोणी म्हणतात, "ते मोठ्या लोकांचं." दोन्ही म्हणणी अर्धीच खरी.

काही हायस्कुले महापालिका चालवते. काही एखादी संस्था चालवते आणि तिथल्या शिक्षकांचा पगार सरकार देते. अशा शाळेला अनुदानित शाळा म्हणतात. काही शाळा फक्त फीवर चालतात. पहिल्या दोन प्रकारच्या शाळांचा खर्च कशातून होतो? करातून. तुम्ही मिठापासून कापडापर्यंत काहीही घ्या, त्यात कुठे ना कुठे कर भरलेला असतो. म्हणून ही शाळा तुमचीही आहे. तिच्या दारात जाताना भीक मागायला आल्यासारखे उभे राहू नये.

अशा शाळा लोकांनीही उभ्या केल्या आहेत. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी वारले. अंधेरीच्या शेजारी विलेपार्ले आहे. तिथल्या लोकांनी टिळकांच्या स्मरणार्थ १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय काढले. तेव्हा पार्ले मुंबई शहरात नव्हते. ही उपनगरे पुढे १९५० आणि १९५७ साली टप्प्याटप्प्याने मुंबई महापालिकेत आली. म्हणजे शहर यायच्या आधी लोकांनी शाळा आणली.

कायदा कुठवर हात धरतो?

आपल्या देशात २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला पहिली ते आठवी मोफत शिकण्याचा हक्क आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी नाकारता येत नाही. दुपारचा आहारही सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत मिळतो.

पण आठवी संपली की या कायद्याचा हात सुटतो. नववी आणि दहावी ही दोन वर्षे मुलाला कोणी बोट धरून नेत नाही. शाळा बदलते, वाट बदलते, मास्तर बदलतात. दुपारचा भात बंद होतो. नेमके याच वयात मूल कमवायच्या जोगे दिसू लागते. पाण्यातून जाताना काठाजवळच पाय घसरावा, तसे इथे होते.

एका पोरीची गोष्ट

आमच्या शाळेत पाड्यावरची एक पोरगी होती. मोठी हुशार. हिशेब तोंडी करी. आठवी पास झाली. आम्ही दाखला लिहिला, तिच्या बापाच्या हाती दिला. आम्हाला वाटले, आपले काम झाले.

श्रावणात एकदा आम्ही बोरिवली स्टेशनबाहेर भाजी घेत होतो. पाहतो तर ती पोरगी रानभाजी विकत बसलेली. पुढ्यात कंटोळी आणि अळू.

आम्ही विचारले, "काय गं, शाळा नाही आज?"

ती खाली मान घालून म्हणाली, "हायस्कुलात नाव घातलंच नाही, गुरुजी."

"आणि दाखला?"

"घरी पत्र्याच्या डब्यात ठेवलाय. जपून."

आम्हाला फार लागले. दाखला दिला, पण तो हायस्कुलात पोचला की नाही हे आम्ही पाहिलेच नाही. रविवारी आम्ही पाड्यावर गेलो. तिच्या बापाने ओटीवर घोंगडी टाकली, चहा दिला आणि सरळ सांगितले, "गुरुजी, पोरगी शहाणी झाली. वाट जंगलाची. पहाटे बिबट्या असतो, पावसात ओढा भरतो. एकटी कशी पाठवू? आणि वह्या-पुस्तकं, बसचं भाडं कुठून आणू?"

बापाचे बोलणे खोटे नव्हते. आपण मास्तर लोक "मुलांना शिकवा, शिकवा" म्हणतो. पण वाट कोण दाखवणार? त्या वर्षी तिचा बाप काही राजी झाला नाही. ती पोरगी राहिली ती राहिलीच.

वाट कशी काढली?

पुढच्या वर्षी आम्ही शहाणे झालो. परीक्षेच्या आधीच पाड्यावर बैठक घेतली. त्या वर्षी आठवीत चार मुली होत्या. त्यांत त्या पोरीची धाकटी बहीणही होती. आया म्हणाल्या, "चौघी एकत्र जातील तर पाठवू." मग पाळी ठरली. रोज एक आई मुलींबरोबर रस्त्यापर्यंत जाई. संध्याकाळी दुसरी आणायला जाई.

बिबट्याच्या भागात काही नियम पाळावे लागतात. मुलांनी घोळक्याने, मोठ्याने बोलत चालावे. अंधारात बॅटरी घ्यावी. पाड्याजवळ उकिरडा साचू देऊ नये. उकिरड्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. ओढा भरला असेल त्या दिवशी मूल घरी राहावे. एक दिवस बुडाला तर भरून काढता येतो.

जगात आपणच डोंगरावर राहतो असे नाही. काश्मीरात आणि लडाखात हिवाळ्यात बर्फ पडते. तिथल्या शाळांना हिवाळ्यात मोठी सुटी असते, आपल्यासारखी मे महिन्यात नव्हे. म्हणजे काय, डोंगर हलत नाही, तर माणसाने आपली रीत डोंगराप्रमाणे बसवावी.

आता पैशांचे पाहू. महाराष्ट्रात सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिकवणी फी नाही. आदिवासी मुलांसाठी सरकारी आश्रमशाळा आणि वसतिगृहे आहेत. आणखी एक शिष्यवृत्ती आहे. तिची परीक्षा आठवीत असते. सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतील मुलाला ती देता येते. सातवीत ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना त्यात ५ टक्क्यांची सूट आहे. घरचे वर्षाचे उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. सगळ्यांनाच ती मिळत नाही, जागा ठरलेल्या असतात. पण अर्जच केला नाही, तर मिळणार कशी? मूल आठवीत गेले की शाळेत जाऊन विचारा, "गुरुजी, आर्थिक दुर्बल घटकांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा?"

रजिस्टर: कागदावरचे लेणे

शाळेत एक मोठे पुस्तक असते. त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. मूल शाळेत आले की त्यात त्याचे नाव, आईचे नाव, जात, जन्मगाव आणि जन्मतारीख लिहितात. जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत, दोन्ही प्रकारे लिहितात. शाळा सोडताना तीच माहिती दाखल्यावर उतरते. हे रजिस्टर फाडायचे नसते, टाकायचे नसते. मूल म्हातारे झाले, तरी त्याची ओळ तिथे असते.

इथे आमची एक चूक कबूल करतो. पूर्वी आईबाप जन्मतारीख सांगू शकत नसत. "भाताची लावणी चालू होती तेव्हा झाला," असे सांगत. शाळा जूनमध्ये भरायची. मग आम्ही मास्तर लोक अंदाजाने १ जून लिहून टाकायचो. एका घरातले दोन सख्खे भाऊ होते. थोरल्याची तारीख आम्ही १ जून लिहिली. धाकट्याची दुसऱ्या मास्तरांनी अंदाजाने लिहिली. पुढे पाहिले तर दोघांत पाच महिन्यांचे अंतर! थोरला नोकरीला लागायला गेला, तेव्हा साहेब हसले. पण त्या पोराला हसू आले नाही. कागद दुरुस्त करता करता त्याच्या चपला झिजल्या.

म्हणून जन्माची नोंद वेळेवर करा आणि जन्मदाखला जपून ठेवा. शाळेत नाव घालताना गुरुजी काय लिहितात ते स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते. चूक दिसली तर तिथेच सांगा. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर ती फार अवघड होते.

या ओळीचे मोल किती, तेही ऐका. अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून आपण इथले, असा घराण्याचा पुरावा मागतात. आदिवासी माणसाकडे सातबारा नाही, घरपट्टीची पावती नाही. मग पुरावा कुठला? आमच्याकडे एक म्हातारबाबा नातीला घेऊन आले. नातीला जातीचा दाखला हवा होता. आम्ही विचारले, "बाबा, तुम्ही कधी शाळेत गेला होता का?"

ते लाजून म्हणाले, "दोनच वर्षं, गुरुजी. मग गुरं राखायला लागलो."

आम्ही त्यांच्या जुन्या शाळेला चिठ्ठी दिली. तिथल्या मास्तरांनी पिवळी पडलेली पाने उलटली. १९४८ सालात बाबांचे नाव सापडले. नाव, बापाचे नाव, आणि जातीच्या रकान्यात 'वारली'. बाबांना ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी तिच्यावर हलकेच बोट फिरवले. दोनच वर्षे शिकलेल्या आजोबांची ती एक ओळ सत्तर वर्षांनी नातीच्या उपयोगी पडली. कान्हेरीच्या लोहाराचे नाव दगडावर राहिले, बाबांचे कागदावर राहिले.

मोठ्या माणसांनी काय करावे?

ज्यांची शाळा सुटली, त्यांनी "आपले दिवस गेले" म्हणू नये. मुंबईत दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रशाळा आहेत. शाळेत न जाता दहावीला बसायचे असेल, तर १७ नंबरचा अर्ज भरतात. त्याच्या अटी आणि तारखा जवळच्या हायस्कुलात सांगतात. पास व्हायला विषयाला १०० पैकी ३५ गुण लागतात.

ती रानभाजी विकणारी पोरगी आठवते ना? अनेक वर्षांनी ती आमच्या घरी आली. कडेवर मूल होते. म्हणाली, "गुरुजी, तो १७ नंबरचा अर्ज कुठं भरतात?" तिने पत्र्याचा डबा उघडला आणि तो जुना दाखला पुढे ठेवला. घडी होती तशी होती. ती परीक्षेला बसली. गणित सुटले. दोन विषय राहिले आहेत. ते ती पुन्हा देणार आहे.

शेवटी चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, आठवी संपायच्या आधीच हायस्कुलात जाऊन या.

दोन, मूल एकटे जात नसेल तर शेजारच्या मुलांची जोड लावा.

तीन, शाळेच्या व्यवस्थापन समितीत जा. कायद्याप्रमाणे त्या समितीत चारांत तीन जण पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. तिथे बोलण्याचा तुम्हाला हक्क आहे.

चार, दाखला डब्यात ठेवायचा नसतो. तो पुढच्या शाळेत न्यायचा असतो.

येत्या जूनमध्ये तुमच्या घरचे मूल आठवी ओलांडत असेल, तर आजच डबा उघडून पाहा.