पकडीचा धाक, हलका हात

माझ्या खुर्चीशेजारचा स्टीलचा ट्रे पाहून मुलं घाबरतात आणि खरं सांगायचं तर त्यांचे आईवडील त्याहून जास्त. घाबरणार नाहीत तर काय! चार-पाच पकडी, तारा कापायचं कटर, टोकदार हुक... सुताराच्या पिशवीची धाकटी बहीणच म्हणा ना. आता दात पिळून सरळ करणार, असं कुणालाही वाटावं. पण वेड्यावाकड्या दातांना तारा बसवण्याचं काम करताना या हत्यारांनी मी दातावर जोर असा फारसा करतच नाही.

ब्रॅकेट उचलायचा चिमटाच घ्या. आपल्या घरातला चिमटा दाबला की पकडतो. हा दाबला की उघडतो आणि सोडला की पकडतो. म्हणजे हात थकला, बोटं सैल पडली, तरी तो इवलासा तुकडा तोंडात पडत नाही. दाढेमागची तार कापणारं कटरही असंच समंजस. कापलेलं टोक ते स्वतःच धरून ठेवतं, घशात जाऊ देत नाही. पक्ष्याच्या चोचीसारखी पक्कड तर तोंडाबाहेर, तारेला बाक देण्यासाठी.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो ब्रॅकेट चिकटवण्यात. ओठ-गाल प्लॅस्टिकच्या कमानीने बाजूला धरायचे, दात कोरडा करायचा, त्यावर फॉस्फोरिक आम्लाची जेल काही सेकंद ठेवून धुवायची. दात खडूसारखा पांढरा दिसला की समजायचं, पृष्ठभाग खरबरीत झाला, आता डिंक धरेल. ही युक्ती अमेरिकेतल्या मायकेल बुओनोकोर यांनी 1955 साली मांडली. त्याआधी प्रत्येक दाताभोवती स्टीलचा पट्टा ठोकून बसवावा लागे. त्या पिढीच्या सोशिकतेला नमस्कार! मग येते चांदणीसारखी छोटी मोजपट्टी. दाताच्या कडेपासून ब्रॅकेट चार मिलिमीटरवर की साडेचार, हे ती सांगते. अर्ध्या मिलिमीटरची चूक तार इमानेइतबारे दातात उतरवते. उंची जमली की निळा प्रकाश मारायचा आणि डिंक घट्ट.

पुढचं काम तारेचं. सुरुवातीची तार बहुधा निकेल-टायटॅनियमची. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला आणि 1970च्या दशकात दातांच्या कामी आला. वाकवली तरी ही तार हळूहळू मूळ आकारावर येत राहते आणि येताना दाताला हलकेच सोबत नेते.

हे "हलकेच" पालकांना पटवणं हेच माझ्या धंद्यातलं अवघड काम. एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. साखरपुडा चार महिन्यांवर. म्हणाले, "डॉक्टर, खर्चाचं बघू नका, पण तार जरा जास्त आवळा." मी त्यांना समोर बसवून सांगितलं, "अहो काका, दात मी हलवत नाही, हाड हलवतं. ज्या बाजूला दाब, तिथलं हाड विरघळतं. मागे नवं तयार होतं. त्याला त्याचा वेळ लागतो. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. जोर वाढवला तर तिथला रक्तपुरवठाच अडतो, दात अडून बसतो आणि मुळं झिजायची भीती. मूळ एकदा आखूड झालं की पुन्हा वाढत नाही."

काका गप्प झाले. मुलगी मात्र हळूच म्हणाली, "बाबा, मला तारांसकट फोटो चालतील." साखरपुडा तारांसकटच झाला.

दीड वर्षानं ब्रॅकेट निघाले. त्यासाठीही वेगळी पक्कड आहे. ब्रॅकेटचा तळ दाबायचा, दात ओढायचा नाही. त्याच दिवशी तिला रिटेनर दिला, कारण सोडून दिलेले दात हळूहळू जुन्या जागेकडे वळतात. देताना मी सगळ्यांना बजावते तेच तिलाही बजावलं: जेवताना काढाल तेव्हा डबीत ठेवा. कागदी रुमालात गुंडाळलेले किती रिटेनर हॉटेलच्या उष्ट्या ताटांबरोबर गेले, त्याचा हिशेब मी केव्हाच सोडून दिला आहे.