टेबलावरचं ‘झिरो’: जपानी लढाऊ विमानाचं १:७२ मॉडेल कसं बनवायचं?

मी गोंदियाचा. आमच्या डोक्यावरून दिवसभर छोटी विमानं घिरट्या घालतात, कारण बिरसी विमानतळावर वैमानिकांना शिकवणारी संस्था आहे. ही धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० च्या सुमारास बांधली. हे वाचल्यावर डोक्यात किडा वळवळला: त्या युद्धातलं एखादं विमान आपल्या टेबलावर उभं करायचं. मी निवडलं जपानचं मित्सुबिशी ए६एम२, म्हणजेच ‘झिरो’.

चला तर मग, सुरुवातीपासून बघूया.

‘झिरो’ नाव कशामुळे?

हे विमान जपानी नौदलात १९४० मध्ये दाखल झालं. जपानच्या जुन्या कालगणनेप्रमाणे ते वर्ष होतं २६००. शेवटचा आकडा शून्य, म्हणून ‘टाईप झिरो’. जिरो होरिकोशी हे त्याचे मुख्य डिझायनर.

स्केल म्हणजे काय?

१:७२ म्हणजे खरं विमान मॉडेलच्या ७२ पट मोठं. मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा. झिरोच्या पंखांचा पसारा १२ मीटर, म्हणजे १,२०० सेंटिमीटर. भागिले ७२. उत्तर १६.७ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास तुमच्या मोबाईलएवढं! लांबी येते साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास. बिरसीची आजची सुमारे २,३०० मीटरची धावपट्टी याच स्केलमध्ये करायची ठरवली तर ३२ मीटर जागा लागेल. आमच्या घरात ती मावणार नाही.

गंमत म्हणजे, बिरसीला शिकाऊ वैमानिक जे डायमंड डीए-४० विमान उडवतात, त्याच्या पंखांचा पसाराही जवळपास १२ मीटरच आहे. त्यामुळे झिरो खरंच केवढं होतं हे बघायला मला फक्त मान वर करावी लागते.

काय काय लागतं?

तामिया, हासेगावा, एअरफिक्स अशा कंपन्यांचे प्लास्टिक किट ऑनलाईन मिळतात. सोबत छोटा कटर, बारीक पॉलिश पेपर, प्लास्टिक मॉडेलचा खास गोंद, ॲक्रिलिक रंग, दोन बारीक ब्रश आणि चिमटा. माहितीपत्रक जपानीत असेल तर मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरून भाषांतर करून घ्या, काम भागतं.

स्टेप बाय स्टेप

१. सगळे भाग फ्रेमवर असतानाच भांड्याच्या साबणाने धुवा. साच्यातला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही.

२. आधी कॉकपिट. सीट, पॅनेल, कंट्रोलचा दांडा आधी रंगवून आत बसवा. विमानाचे दोन अर्धे भाग एकदा चिकटले की आत हात जात नाही.

३. मॉडेलचा गोंद फेव्हिकॉलसारखा नुसता चिकटवत नाही. तो प्लास्टिक थोडं वितळवतो आणि दोन्ही भाग एकजीव करतो. म्हणून थेंबभरच लावा.

४. पंख बसवल्यावर समोरून फोटो काढा, कॅमेऱ्याची ग्रिड ऑन करून. झिरोचे पंख टोकाकडे किंचित वर जातात. दोन्हीकडे सारखे वर गेले नसतील तर ग्रिडवर लगेच कळतं. गोंद ओला असतानाच दुरुस्त करा.

५. रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या. सुरुवातीच्या काळातलं झिरो हिरवट-करड्या रंगाचं, इंजिनाचं झाकण काळं. गडद हिरवं झिरो बघितलं असेल तर ते नंतरच्या काळातलं.

६. शेवटी डीकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायचे ते लाल गोळे. आधी चकचकीत वार्निश मारा, नाहीतर डीकॅलखाली हवा अडकून पांढरट चकाकी दिसते.

माझी फजिती

पावसाळ्याचे दिवस, घाई झालेली. कॉकपिटची पारदर्शक काच मी झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूने लावली आणि धूळ बसू नये म्हणून मॉडेल डब्यात बंद केलं. सकाळी बघतो तर काचेवर धुकं! सुपरग्लूची वाफ आणि दमट हवा एकत्र आली की असा पांढरा थर बसतो. काच अलगद काढून, कानातल्या काडीने टूथपेस्ट घासून बरंचसं साफ केलं. एका कोपऱ्यात डाग राहिलाच. काचेला पांढरा फेव्हिकॉलच वापरा, तो वाळला की पारदर्शक होतो.

मग आबाजींनी विचारलं...

मॉडेल तयार झालं. आबाजींनी ते हातात घेतलं, लाल गोळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “काहून रे बाबू, हे आपलं विमान होय का दुश्मनाचं?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. एप्रिल १९४२ मध्ये जपानी नौदलाच्या विमानांनी कोलंबोवर हल्ला केला, त्यात झिरो होती. दुसऱ्या दिवशी, ६ एप्रिलला, विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले. ब्रह्मदेशात, इंफाळ-कोहिमात हजारो भारतीय जवान ब्रिटिश फौजेतून जपानशी लढले. आणि त्याच जपानच्या बाजूने आझाद हिंद फौजही लढत होती. भारतीय दोन्हीकडे होते.

विमानाची गोष्टही तशीच अवघड. रिकाम्या झिरोचं वजन सुमारे १,७०० किलो, इंजिन साधारण ९५० अश्वशक्तीचं. इतक्या कमी ताकदीत ते दूरवर उडायचं आणि झटकन वळायचं, कारण वजन जिथे वाचवता येईल तिथे वाचवलं होतं. सुरुवातीच्या झिरोत वैमानिकामागे चिलखती पत्रा नव्हता, गोळी लागल्यावर आपोआप बुजणारी पेट्रोलची टाकीही नव्हती. हलकेपणाची किंमत वैमानिक मोजत होता. आणि ऑक्टोबर १९४४ पासून तरुण वैमानिकांना याच विमानात बसवून शत्रूच्या जहाजांवर आदळायला पाठवलं गेलं. ती पोरं माझ्याच वयाची.

हे सगळं मी आबाजींना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तं हे खाली लिहून ठेव. नाहीतं लोक खेळणं समजतीन.”

म्हणून माझ्या झिरोखाली आता एक छोटं कार्ड आहे. नाव, वर्ष, स्केल, आणि खाली चार ओळी: ते कुठे उडलं, त्याने काय केलं, आत कोण बसायचं. मित्रांनो, तुम्ही कुठलंही युद्धातलं विमान बनवा, ही सातवी स्टेप विसरू नका. रंगाला दोन दिवस लागतात, कार्डाला अर्धा तास. आमच्याकडे येणारे पाहुणे विमानापेक्षा कार्डासमोर जास्त वेळ उभे राहतात.